मांजर ट्रेबाहेर लघवी करते तेव्हा

मांजर त्याच्या शौचासाठी ठेवलेला वाळूचा ट्रे सोडून घरात इतरत्र लघवी करू लागले की घरातल्या कोणाच्या तरी तोंडून ‘हे मुद्दाम करते आहे’ असे वाक्य हमखास निघते. गादीवर, सोफ्याच्या कोपऱ्यात किंवा नुकत्याच वाळवून आणलेल्या कपड्यांच्या ढिगावर ओल दिसली म्हणजे असे वाटणे स्वाभाविक आहे. जागा नेमकी आपल्या जिव्हाळ्याची असते आणि वास काही केल्या जात नाही. परंतु मांजराला स्वतःची लघवी आपल्यासारखी किळसवाणी वाटत नाही, त्यामुळे ती करून कोणाचा सूड उगवावा हा हिशेब त्याच्या मनात असण्याचे कारण नाही. आजारी किंवा बिथरलेले मांजर आपल्या अंथरुणाकडे वळते, ते बहुधा अंथरूण मऊ असते, ओल शोषून घेते आणि त्याला ओळखीच्या माणसाचा वास असतो म्हणून. माझ्या घरात अनेक वर्षे मांजरे आहेत, ओळखीच्या बऱ्याच घरांतून याच तक्रारीचे फोन मला येतात, आणि प्रत्येक वेळी मी एकच आग्रह धरते. रागावण्याआधी, ट्रे बदलण्याआधी, एवढेच काय फरशी पुसण्याआधीही, लघवी कुठे झाली आहे, किती झाली आहे आणि मांजर ती करताना कसे उभे किंवा बसलेले होते, हे नीट पाहून ठेवावे. उत्तराचा मोठा भाग या तीन गोष्टींत असतो.

त्यातही एक प्रसंग असा आहे की ज्यात पाहत बसायलाही वेळ नसतो. बोका वारंवार ट्रेमध्ये जात असेल, पाठ वाकवून बराच वेळ जोर करत असेल, ओरडत असेल, आपले जननेंद्रिय सारखे चाटत असेल आणि तरीही लघवी होत नसेल किंवा थेंब-दोन थेंबच पडत असेल, तर त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे, मग रात्र असो वा सुटीचा दिवस. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीच्या मूत्रमार्गापेक्षा लांब आणि अरुंद असतो. चिकट स्राव, दाहामुळे सुटलेल्या पेशी आणि क्षारांचे बारीक स्फटिक यांचा बोळा त्यात अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्राशय फुगत जाते, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, शरीराबाहेर पडायला हवे ते पोटॅशियम रक्तात साठते आणि अखेरीस हृदयाचे ठोके बिघडतात. उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. पुष्कळ जण या जोर करण्याला बद्धकोष्ठ समजतात, पोट साफ होण्यासाठी घरगुती उपाय करत राहतात, आणि मोलाचे तास तिथेच निघून जातात. उलट्या सुरू होऊन बोका मलूल पडला, म्हणजे पुष्कळ उशीर झाला आहे असे समजावे.

आमच्या बंड्याच्या बाबतीत ही शंका आली तेव्हाचे त्याचे वागणे मला अजून बारकाईने आठवते. तो ट्रेमध्ये जाऊन बसे, शेपटीचे मूळ थरथरे, कान मागे जात, आणि थोड्या वेळाने तो वाळूकडे न बघताच बाहेर पडे. तिथून तो सरळ न्हाणीघरात जाऊन गार फरशीवर पुन्हा तसाच बसे. तिथे पडलेला थेंब पांढऱ्या कागदाने टिपला तर कागदावर फिकट गुलाबी डाग उमटला, म्हणजे त्यात रक्त होते. डॉक्टरांनी त्याचे पोट दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहिले. लघवी तुंबलेली असती तर मूत्राशय चेंडूसारखे टणक लागले असते. ते तसे नव्हते, जवळजवळ रिकामे होते. लघवीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, सोनोग्राफीत खडा दिसला नाही, आणि निदान झाले ते मूत्राशयाच्या अशा दाहाचे, ज्याचे ठरावीक एक कारण दाखवता येत नाही.

हा दाह मांजरांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दहा वर्षांखालील ज्या मांजरांना लघवीचा असा त्रास होतो, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मांजरांत शेवटी हेच निदान निघते, आणि जंतुसंसर्ग मात्र या वयात क्वचितच सापडतो. म्हणूनच तपासणी न करता दिलेल्या अँटिबायोटिकने बरे वाटले असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा दुखणे आपोआपच ओसरलेले असते, कारण हा दाह साधारण आठवडाभरात स्वतःहून कमी होतो आणि पुढे केव्हातरी पुन्हा उसळतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या विकारावर अनेक वर्षे काम केले. दुखणे मूत्राशयात दिसत असले तरी त्याचे मूळ पुष्कळदा मांजराच्या ताण सहन करण्याच्या यंत्रणेत असते, आणि घरातील परिस्थिती सुधारली तर दुखण्याची आवर्तने कमी होतात, हे त्यांच्या कामातून पुढे आले. घरी पाहुणे येणे, फर्निचर हलवणे, नवे बाळ, नवे मांजर, जेवणाच्या वेळा बदलणे, या आपल्या लेखी किरकोळ असलेल्या गोष्टी मांजराच्या शरीरात इतक्या खोलवर पोहोचतात, ही बाब मला आजही अंतर्मुख करते. बंड्याच्या वेळी घरात बरेच दिवस सुतारकाम चालू होते आणि त्याची नेहमीची झोपायची जागा त्या गडबडीत नाहीशी झाली होती. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी दिले. आम्ही त्याला एक शांत खोली दिली, कोरड्या खाद्याऐवजी ओलसर खाद्य वाढवले आणि पाण्याचे पसरट भांडे जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवले. पाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत राहणारे रानमांजर आहे. शिकारीच्या मांसातूनच बहुतेक पाणी मिळवण्याची आणि लघवी घट्ट करून ते राखण्याची त्याची सवय आजच्या मांजरातही टिकून आहे, त्यामुळे केवळ कोरडे खाद्य खाणारे मांजर गरजेइतके पाणी आपणहून पीत नाही.

दुखण्याचा आणि ट्रे टाळण्याचा संबंध कसा जुळतो, हेही समजून घ्यायला हवे. लघवी करताना जळजळ झाली तर मांजर त्या जळजळीचा दोष ज्या जागेवर ती झाली त्या जागेला देते. मग ते दुसरी जागा शोधते. तिथेही दुखते, म्हणून तिसरी. दुखणे बरे झाल्यावरही ट्रेविषयीची धास्ती मागे राहू शकते. आजार बरा होऊनही सवय सुटली नाही अशी तक्रार करणाऱ्या घरांत अनेकदा हेच घडलेले असते, आणि अशा वेळी वेगळ्या आकाराचा, वेगळ्या जागी ठेवलेला नवा ट्रे जुन्या ट्रेपेक्षा लवकर स्वीकारला जातो.

लघवीने भिजलेल्या भागाचे गोळे होणारी वाळू वापरत असाल तर रोजच्या सफाईतच पुष्कळ काही कळते. निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते आणि बहुधा एकदा शी करते. एकाएकी लहान लहान गोळे पुष्कळ दिसू लागले तर मूत्राशयाचा दाह किंवा खडा यांची शंका घ्यावी; गोळे मोठे, जड आणि संख्येनेही अधिक होऊ लागले तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइडचा वाढलेला जोर यांची तपासणी करून घ्यावी, विशेषतः मांजर वयस्क असेल आणि पाणीही जास्त पीत असेल तर. अशा मांजराची लघवी इतकी वाढते की ट्रे लवकर भरून ओला होतो आणि ते नाइलाजाने बाहेर जाते. खड्यांतही फरक असतो. स्ट्रुव्हाइट जातीचा खडा विशेष खाद्याने बहुधा विरघळतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही आणि मोठा असल्यास काढावाच लागतो. हा निर्णय एक्स-रे आणि लघवीची तपासणी पाहूनच घ्यायचा असतो, शेजारच्या मांजराला कोणते खाद्य लागू पडले यावरून नव्हे.

म्हाताऱ्या मांजरांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. आमची चिंगी उतारवयात ट्रेच्या अगदी कडेला, पण बाहेर, लघवी करू लागली. थोडे लांब उभे राहून पाहिले तेव्हा तिची अडचण उलगडली. ती ट्रेजवळ येई, पुढचे दोन पाय आत ठेवी, थांबे, मागचा एक पाय उचलण्याचा प्रयत्न करून तो पुन्हा खाली टेकवी, आणि तशीच, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, खाली बसे. तिच्या मते ती ट्रेमध्येच बसलेली होती. तिचे सांधे दुखत होते आणि ट्रेची भिंत तिला चढवत नव्हती. बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे एक्स-रे तपासणारा एक अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, म्हणून आपल्याला ते कळत नाही. ते फक्त उंच कपाटावर उडी मारणे सोडते, पाठीमागचे केस नीट चाटेनासे होते, आणि एक दिवस ट्रेबाहेर बसते. चिंगीसाठी आम्ही प्लास्टिकच्या मोठ्या पसरट डब्याची एक बाजू जमिनीपासून चार बोटे उंचीवर कापली, कापलेली कड घासून गुळगुळीत केली आणि खाली न घसरणारी चटई घातली. वाळूचा थरही कमी केला, कारण खोल वाळूत तिचे पाय डळमळत. दुखण्यावरचे औषध डॉक्टरांनी सुरू केले. इथे एक इशारा द्यायलाच हवा. माणसाचे कोणतेही वेदनाशामक मांजराला घरच्या घरी देऊ नये. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच आहे, आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

शरीराची बाजू तपासून झाली आणि तिथे काही सापडले नाही, म्हणजे ट्रेकडे वळावे. हा क्रम उलटा करू नये असे मी कळकळीने सांगते, कारण नवा ट्रे, नवी वाळू, नवी जागा असे प्रयोग करण्यात आठवडे जातात आणि तोवर आजारी मांजर निमूटपणे सोसत असते.

बाजारात मिळणारे बहुतेक ट्रे मांजराच्या मानाने लहान असतात. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या किमान दीडपट असावी, म्हणजे मोठ्या बोक्यासाठी साधारण सत्तर सेंटीमीटर. मांजराला आत वळता आले पाहिजे, उकरता आले पाहिजे आणि आधीची ओली जागा टाळून दुसरीकडे बसता आले पाहिजे. कपडे ठेवायचे मोठे प्लास्टिकचे खोके एका बाजूने कापून वापरले तर ते ‘मांजरांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तूंपेक्षा चांगले काम देतात. झाकणाच्या ट्रेविषयी मात्र टोकाची मते ऐकू येतात, आणि ती मला पटत नाहीत. झाकण असलेला आणि नसलेला असे दोन्ही ट्रे समोर ठेवून केलेल्या चाचणीत बहुतेक मांजरांनी ठळक पसंती दाखवली नाही. दोन्ही ट्रे मोठे आणि स्वच्छ होते, ही त्यातली महत्त्वाची अट. अडचण अशी की झाकणामुळे वास आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून सफाई लांबते, आणि आत मांजराला तो कोंडलेला वास सहन करावा लागतो. घरात दुसरे दांडगट मांजर असेल तर एकच दार असलेला बंद ट्रे हा सापळाही ठरू शकतो.

वाळूची निवड हा मांजराचा विषय आहे, माणसाचा नव्हे. पूर्वी घरात मांजरासाठी राख किंवा माती ठेवत. १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लो यांनी वाळवलेल्या शोषक मातीचे दाणे त्यासाठी विकायला सुरुवात केली आणि पुढे गोळे होणारी बेंटोनाइट माती आली. मांजरांना निवड दिली तर बहुतेक जण बारीक दाण्याची, बिनवासाची आणि गोळे होणारी वाळू पसंत करतात, जे त्यांच्या रानातल्या पूर्वजांकडे पाहता सहज समजते. सुगंधी वाळू माणसाच्या नाकासाठी बनवलेली असते. ज्या नाकाला दुसऱ्या मांजराची जुनी खूण भिंतीवर ओळखता येते, त्या नाकाला ट्रेमध्ये उभे राहून तो सुगंध किती उग्र लागत असेल याचा विचार करावा. मांजराला वाळू आवडत नसेल तर ते स्पष्ट सांगते. ते उकरत नाही, ट्रेच्या कडेवर तोल सांभाळत उभे राहते, बाहेर पडताच पंजे झटकते, वाळू सोडून बाजूची भिंत किंवा फरशीच खरवडते आणि काम आटोपताच धूम ठोकते. अशा वेळी दोन सारखे ट्रे शेजारी ठेवून त्यांत दोन प्रकारची वाळू साधारण तीन ते पाच सेंटीमीटर थराने घालावी आणि मांजर कुठे जाते ते काही दिवस पाहावे. बाहेर कुठे लघवी केली आहे तेही उपयोगी पडते. नेहमी गादी किंवा पायपुसणे निवडणाऱ्या मांजराला मऊ, बारीक वाळू हवी असते. न्हाणीघर किंवा बेसिन निवडणाऱ्याला कधीकधी अगदी पातळ थर किंवा जवळजवळ रिकामा ट्रे आवडतो. गोळे होणारी वाळू अगदी लहान पिल्लांना मात्र देऊ नये, कारण ती चव घेऊन पाहतात आणि गिळलेली वाळू पोटात फुगते.

सफाईबद्दल थोडक्यात सांगायचे तर गोळे दिवसातून किमान एकदा, शक्यतो दोनदा काढावेत, आणि सगळी वाळू ठरावीक काळाने बदलून ट्रे गरम पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा. घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम दुसऱ्याने करावे आणि रोजच्या रोज करावे. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगा होतो, त्यामुळे रोजची सफाई हाच त्यावरचा चांगला बंदोबस्त आहे. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते.

ट्रे किती असावेत याचा सर्वत्र सांगितला जाणारा नियम म्हणजे मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक. पण तीन ट्रे एका कोपऱ्यात ओळीने मांडले तर मांजराच्या हिशेबी ती एकच जागा होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ट्रे वेगवेगळ्या ठिकाणी हवेत, मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर हवेत, जेवणापासून दूर हवेत, आणि अचानक गरगरू लागणाऱ्या वॉशिंग मशीनच्या शेजारी तर मुळीच नकोत. एकाहून अधिक मांजरे असलेल्या घरांत ट्रे टाळण्याचे कारण पुष्कळदा त्यांच्या आपसांतल्या संबंधांत असते, आणि तिथे भांडण दिसेलच असे नाही. एक मांजर बोळाच्या तोंडाशी आरामात पसरलेले असते. दुसरे दाराआडून डोकावते, पहिले फक्त मान वळवून त्याच्याकडे टक लावून पाहते, आणि दुसरे माघारी फिरते. फिस्कारणे नाही, पंजा नाही, आवाज नाही. मात्र त्या मागे फिरलेल्या मांजराला ट्रेपर्यंत जाता आलेले नसते, आणि तासाभराने पलंगाखाली ओल सापडते. अशा घरात कोण कोणाला अडवते हे शांतपणे पाहून, अडवले जाणाऱ्या मांजराच्या वावराच्या भागात त्याचा स्वतंत्र ट्रे, स्वतंत्र पाणी आणि स्वतंत्र बसण्याची जागा करावी लागते.

इथेच एक वेगळा प्रकार ओळखायला हवा. मांजर उभ्यानेच, शेपूट ताठ करून तिचे टोक थरथरवत, भिंतीवर, पडद्यावर किंवा दाराच्या चौकटीवर थोडीशी लघवी मागच्या बाजूला उडवत असेल तर ती शौचाची गरज नव्हे, ती खूण आहे. तेच मांजर शौचासाठी ट्रे व्यवस्थित वापरत असते, त्यामुळे ट्रे बदलून काहीच साधत नाही. नसबंदी झालेली नसेल तर आधी ती करावी. फवारणी करणाऱ्या सुमारे नव्वद टक्के बोक्यांत त्यानंतर ती थांबते किंवा खूपच कमी होते. नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी साधारण दहा टक्के आणि मांजरींपैकी पाच टक्के तरीही फवारणी करतात, आणि त्यामागे बहुधा बाहेरचे मांजर असते. खिडकीच्या किंवा मुख्य दाराच्या आसपास खुणा दिसत असतील तर ते जवळपास निश्चित समजावे. खिडकीचा खालचा भाग अपारदर्शक कागदाने झाकला आणि बाहेरच्या मांजराला तिथे बसायला जागा राहिली नाही, तर पुष्कळ फरक पडतो.

शी फक्त बाहेर आणि लघवी ट्रेमध्येच, असेही काही मांजरांचे असते. बद्धकोष्ठामुळे ट्रेमध्ये कुंथताना दुखले असेल, लांब केसांना वाळू चिकटत असेल, किंवा एकाच ट्रेमध्ये दोन्ही कामे त्याला नको असतील. दुसरा ट्रे ठेवून बघावा. हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि पुष्कळदा तेवढा पुरतो.

झालेली जागा स्वच्छ करण्याकडे मी इतक्या गांभीर्याने पाहते, कारण बाकी सारे नीट करूनही इथे कमी पडले तर मांजर वासाच्या खुणेने पुन्हा तिथेच येते. मांजराच्या, विशेषतः बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्याचे विघटन होत जाते तसा तो ओळखीचा उग्र दर्प वाढत जातो, म्हणून सुरुवातीला न जाणवलेला वास दोन दिवसांनी खोली भरून टाकतो. ओल ताजी असेल तर घासू नये, जाड कापडाने दाबून टिपावी. मग एंझाइम असलेले, खास प्राण्यांच्या लघवीसाठीचे क्लीनर किंवा एंझाइमयुक्त कपडे धुण्याच्या पावडरचे कोमट पाण्यातील द्रावण भरपूर वापरावे, आणि ते लघवी जितकी खोल गेली असेल तितके खोल जाऊ द्यावे. गादीच्या वरच्या कापडावर फवारून भागत नाही. एंझाइमला काम करायला वेळ लागतो. त्याआधी किंवा त्याबरोबर जंतुनाशक ओतले तर एंझाइम निकामी होते. अमोनिया असलेले क्लीनर टाळावे, कारण त्याचा वास लघवीच्या वासाला जवळचा आहे. ब्लीच लघवीवर ओतू नये. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन श्वासाला घातक वायू तयार होतात. फिनॉल असलेली फिनाइलसारखी जंतुनाशके तर मांजराच्या घरात ठेवूच नयेत, कारण हे पदार्थ निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी आहे आणि मांजर पंजे चाटते. जुन्या जागा सापडत नसतील तर अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवावी. वाळलेली लघवी फिकट पिवळसर-हिरवट चमकते, आणि आपल्याला दोनच जागा माहीत होत्या तिथे पाच दिसतात.

मांजराला जागेवर नेऊन नाक घासणे, मारणे, पाणी उडवणे यांचा उपयोग होत नाही. मांजर एवढेच शिकते की माणूस जवळ असताना लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते आणखी आडोशाच्या जागा शोधते. शिवाय त्याचा ताण वाढतो, आणि तो ताण मूत्राशयापर्यंत पोहोचतो हे वर आलेच आहे. त्याऐवजी त्या जागेचा अर्थ बदलावा. स्वच्छ करून वाळलेल्या जागी त्याची जेवणाची ताटली, अंथरूण किंवा खरवडायचा खांब ठेवावा, कारण मांजर जिथे खाते-झोपते तिथे सहसा घाण करत नाही. सवय फारच मोडली असेल तर काही काळ एका आरामशीर खोलीत ट्रे, पाणी, अंथरूण, खेळणी आणि भरपूर सहवास देऊन ठेवावे, आणि ट्रे नियमित वापरू लागल्यावर एकेक खोली मोकळी करत जावी. ही शिक्षा वाटता कामा नये. खोलीत आपणही बसावे. मांजराच्या गालाच्या गंधाची नक्कल करणारे फेरोमोनचे डिफ्यूझर काही घरांत मदत करतात, पण ट्रे घाणेरडा ठेवून नुसता डिफ्यूझर लावला तर काही होणार नाही. दीर्घकाळ चाललेल्या प्रकरणांत डॉक्टर फ्लुऑक्सेटिनसारखे, चिंता कमी करणारे औषध सुचवतात. त्याविषयी मनात अढी ठेवू नये. ते मांजराला गुंगीत ठेवण्यासाठी नसते, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ते मनाने एकदम बंद करायचे नसते.

मांजराने दिवाणखान्याच्या मधोमध एखादी जागा धरलीच असेल, तर तिथेच ट्रे ठेवावा हे माझे मत पुष्कळांना आवडत नाही, तरी ते मी सोडणार नाही. आधी मांजराला ट्रे वापरू द्यावा, दिवाणखान्याची शोभा नंतर पाहावी. नियमित वापर जमला की ट्रे रोज वीतभर, याहून अधिक नाही, आपल्याला हव्या त्या दिशेने सरकवत न्यावा. वाटेत कुठे पुन्हा बाहेर लघवी झाली तर ट्रे मागच्या जागी परत आणून तिथे आठवडाभर राहू द्यावा आणि मग पुन्हा सरकवायला लागावे. काही मांजरांच्या बाबतीत ट्रे दाराजवळ येऊन थांबतो आणि त्यापुढे जात नाही. तसे झाले तर तो तिथेच राहू द्यावा.